खडबडीत फळीवरचा वारा: कुंडईच्या वर्कशॉपातल्या नोंदी

8 जून 2025, रविवार

गोव्यातली मासेमारी 1 तारखेपासून बंद, 31 जुलैपर्यंत. मालीमच्या जेटीवर एका जुन्या गिऱ्हाइकाची विंच बघायला गेलो होतो. ट्रॉलर वर ओढून ठेवलेला. बुडाला बार्नाकलचा, म्हणजे चिकटून बसणाऱ्या कवचाच्या जीवांचा, थर असा की हात फिरवला तर हातमोजा फाटला. मालक म्हणाले, पंख्याजवळचा मागचा भाग दरवर्षी घासून घेतो, पुढचा राहून जातो, तरी डिझेल कमी होत नाही.

बरोबर भाचा होता. मेकॅनिकलचं शेवटचं वर्ष, प्रोजेक्टचा विषय ठरत नव्हता. गाडीत बसल्यावर म्हणाला, "मामा, हे मोजता येईल." तिथेच फसलो.

काय मोजायचं ते एकदाच लिहितो. पृष्ठाला चिकटून वाहणारा हवेचा किंवा पाण्याचा थर घर्षणाने मंदावतो, ती बाउंडरी लेयर. पृष्ठ खरखरीत असेल तर ती जाड होते. बोटीच्या मागच्या भागासारखा प्रवाहाच्या दिशेने दाब चढत जात असेल तर हा मंदावलेला थर आणखी रखडतो, शेवटी पृष्ठ सोडून देतो. दोन्ही गोष्टी एकत्र आल्या की काय होतं, ते बघायचं. पाण्यात करणं परवडणारं नव्हतं, म्हणून वारा.

15 जून

भंगारातून दीड एचपीचा अ‍ॅक्शियल फॅन 6,500 ला, त्याचा वेग कमी-जास्त करायला जुना व्हीएफडी 7,000 ला. मरीन प्लायची पेटी: आतून 300 बाय 300 मिमी, लांबी 2 मीटर. फॅन मागे, म्हणजे हवा ओढून घेणारी पेटी. पुढे 600 बाय 600 चं तोंड, तिथून निमुळतं होत आत. छत 3 मिमी अ‍ॅक्रिलिकचं, दर 20 सेमीवर स्टडने टांगलेलं, म्हणजे नट फिरवून हवं तिथे वर-खाली करता येतं. वेल्डर बघून म्हणाला, चवथीची माटोळी (गणपतीच्या वर टांगतात ती चौकट) बांधलीत की काय.

6 जुलै, आषाढी

तोंडाशी हवा सरळ करायला जाळी लागते. सगळीकडे लिहिलेलं असतं: शीतपेयाच्या स्ट्रॉ चिकटवा. प्लास्टिकच्या स्ट्रॉ 2022 पासून बंद. कागदी घेतल्या, 8 मिमीच्या, साडेपाच हजारांच्या वर नग. दोन आठवडे संध्याकाळी मी, भाचा आणि बहीण गोंद लावत बसलो होतो. आज साबुदाण्याची खिचडी खाऊन शेवटची रांग लावली. दिसायला मधाचं पोळं.

13 जुलै

पोळं बसलं. आठ दिवस सलग पाऊस, वर्कशॉपात ओलावा इतका की व्हर्नियरला गंज धरला. कागद फुगला, खालच्या रांगा वरच्यांच्या भाराने चेपल्या. दोन आठवडे आणि तीन हजार रुपये पाण्यात.

कोकणपट्टीत पावसाळ्यात हे करणार असाल तर कागदाचं काहीही वापरू नका. वायरिंगचा 20 मिमीचा पीव्हीसी पाइप आणला, 15 सेमीचे तुकडे कापले, 900 तुकडे. कटर मशीनवर एका दिवसात झालं. त्याच्यापुढे स्टीलची मच्छरजाळी, दोन थर. हे आधी का सुचलं नाही?

20 जुलै

आधी गुळगुळीत फळी. खाली 12 मिमी अ‍ॅक्रिलिक, बाजूच्या भिंतीला दर 15 सेमीवर 1 मिमीचं भोक, दाब मोजायला. दाब लांबीभर सारखा असायला हवा होता, तो उतरत गेला. तोंडाशी वेग 12 मीटर प्रतिसेकंद, शेवटी 12.8. कारण साधं: चारही भिंतींवर थर वाढतो, हवेला जागा कमी पडते. छत शेवटाला 20 मिमी वर उचललं, मग दाब सपाट झाला. 20 हा आकडा भाच्याने आधी कागदावर काढला होता. मी त्याला म्हटलं होतं, नटाने बघू. दोन तास नट फिरवून शेवटी त्याच्याच आकड्यावर आलो.

एक भोक मात्र हट्टी. सातवं. शेजाऱ्यांपेक्षा 4 पास्कल कमी दाखवायचं. आपला एकूण गतिज दाबच, म्हणजे वेगामुळे येणारा, 83 पास्कल, म्हणजे हा फरक डोळ्यांआड करण्यासारखा नव्हता. बोट फिरवलं तर काही लागत नव्हतं. नखाची कड फिरवली तेव्हा लागलं: ड्रिलने भोकाच्या एका बाजूला केसाएवढी बर, म्हणजे उठलेली कड, सोडली होती. मोठ्या ड्रिल बिटाचं टोक हाताने दोनदा फिरवलं, बर गेली, 4 पास्कलही गेले.

गळती शोधायला उदबत्ती. ओढणाऱ्या पेटीत फट असली की धूर आत खेचला जातो. अकरा ठिकाणी सापडली.

27 जुलै

थरातला वेग मोजायला पिटो नळी (वाऱ्याकडे तोंड करून दाब घेते, त्यावरून वेग काढायचा) हवी, ती विकत घेतली तर आठ-दहा हजार. औषधाच्या दुकानातून 18 गेजच्या इंजेक्शनच्या सुया आणल्या, पाच रुपयांना एक. दुकानदाराने वर-खाली बघितलं, भाच्याचं आयकार्ड दाखवावं लागलं. सुईचं तिरकं टोक ग्राइंडरवर सपाट केलं, आत फिलर गेजचं पातं घालून पक्कडने हलके चेपलं, बाहेरची उंची 0.6 मिमी राहिली. पहिल्या पाच सुया बुजल्या, सहावी जमली.

सुई वर-खाली करायला जुन्या हाइट गेजचं स्टँड आणि 0.01 मिमीचा डायल गेज. दाब वाचायला आधी घरचा तिरपा मॅनोमीटर केला होता, काचेची नळी आणि रंगाचं पाणी. काच जराही तेलकट असली की पाण्याची कड अडकून बसते, टिचकी मारली की 3 मिमी सरकते. आठवडाभर टिचक्या मारल्या. शेवटी 5,800 चा डिजिटल सेन्सर घेतला, भाच्याने आर्डुइनो नावाच्या छोट्या कंट्रोलर बोर्डाला जोडला.

तरी वाचन स्थिर व्हायला 40 सेकंद लागत होते. सुईचं भोक बारीक, नळी 3 मीटर. नळी 60 सेमी केली, 12 सेकंदांवर आलं. यावरून लक्षात आलं की त्याआधी घाईघाईने घेतलेली दोन्ही प्रोफाइल, म्हणजे उंचीगणिक वेगाची मापं, निकामी होती, कारण प्रत्येक वाचन आधीच्या उंचीचं काहीतरी घेऊन येत होतं.

3 ऑगस्ट

गुळगुळीत फळी, तोंडापासून 1.8 मीटर. प्रोफाइल विचित्र. थर 40 मिमी जाड अपेक्षित, मिळाला 31. पुढच्या टोकाकडे मोजलं तर तिथे प्रवाह लॅमिनारच (शांत, थराथरांचा) होता, वाटेत कुठेतरी टर्ब्युलंट (खळबळीचा) होत होता, आणि ती जागा रोज बदलत होती. टोकाशी अडथळा लावायचाच विसरलो होतो. सायकलचा 2 मिमीचा स्पोक आडवा चिकटवला. संध्याकाळपर्यंत 39 मिमी.

विस्थापन जाडी (मंद थराने अडवलेली जागा) भागिले संवेग जाडी (थरात गेलेला जोर), हा आकार-अंक 1.38 आला. तो जितका मोठा, तितका थर सुटायच्या जवळ. गुळगुळीत, सपाट दाबाच्या टर्ब्युलंट थराला 1.4 च्या आसपास असतो. क्लाउझर या संशोधकाने 1954 मध्ये सुचवलेल्या पद्धतीने, म्हणजे वेगाचा आलेख लॉग-कागदावर काढून तयार रेषांच्या जाळ्यावर बसवून, घर्षण-वेग, म्हणजे भिंतीवरचं घर्षण वेगाच्या मापात, 0.50 मीटर प्रतिसेकंद निघाला. भाच्याने पार्टी मागितली. दिली.

10 ऑगस्ट

आता खडबडीत. 24 नंबरचा कापडी सँडपेपर, 300 मिमी रुंद रोल. दाण्याचा सरासरी आकार साधारण 0.76 मिमी. रबर सोल्यूशनने चिकटवला.

आणि इथे अडलो. गुळगुळीत फळीवर शून्य शोधायला सोपी युक्ती होती: फळीवर अ‍ॅल्युमिनियमची चिकटपट्टी, मल्टिमीटरची एक वायर तिला, दुसरी सुईला. टेकली की पीं. सँडपेपरवर पीं वाजतच नाही. आणि वाजलं असतं तरी सुई टेकते कशावर? एखाद्या उंच दाण्याच्या डोक्यावर की दोन दाण्यांमधल्या खड्ड्यात? दोघांत पाऊण मिलिमीटरचा फरक, आणि लॉगची रेषा सुरू होते तीच मिलिमीटरभर उंचीवर.

म्हणजे भिंत कुठे आहे तेच माहीत नाही. हवेच्या दृष्टीने भिंत दाण्यांच्या डोक्याच्या खाली, तळाच्या वर कुठेतरी असते. पेरी आणि ज्यूबर्ट या संशोधकांनी 1963 मध्ये खडबडीत पृष्ठ आणि चढता दाब या आपल्याच जोडीवर काम केलं, त्यांची रीत अशी की आलेख सरळ होईपर्यंत शून्य खाली सरकवत जायचं. भाच्याने संगणकावर सरकवून बघितलं. शून्य डोक्यांवर धरलं तर घर्षण-वेग 0.57, त्याखाली 0.6 मिमी धरलं तर 0.67. दोन्ही रेषा डोळ्याला सारख्याच सरळ. घर्षण जातं वेगाच्या वर्गाने, म्हणजे 38 टक्क्यांचा फरक.

"मामा, कुठला लिहू?"

"अजून कुठलाच नाही."

17 ऑगस्ट

भर म्हणून सँडपेपर फुगला. दमट हवेत कापड ताणलं, मधोमध दोन मिमीचा फुगा. तिरप्या टॉर्चच्या उजेडात सावली पडली म्हणून दिसला. सगळं खरवडून काढलं, अ‍ॅरल्डाइटने पुन्हा चिकटवलं, वर प्लाय ठेवून त्यावर गिअरबॉक्सचं जुनं हाउसिंग, रात्रभर. सुरुवातीच्या कडेला कापडाच्या जाडीची पायरी राहत होती, तिथे एम-सीलचा उतार केला. रोल, गोंद, मोडतोड मिळून 2,900. आणि एक अख्खा आठवडा.

24 ऑगस्ट

आलेखावर विश्वास नाही तर घर्षण सरळ वजन करून बघू. फळीतून 300 बाय 200 मिमीचा तुकडा सुटा केला, भोवती अडीच मिमी फट. खाली एक पाळणा चार दोऱ्यांनी टांगला, त्यातून चार खांब वर येऊन तुकड्याला धरतात. वारा तुकड्याला ओढतो, पाळणा सरकतो. वजन 600 ग्रॅम, दोरी 400 मिमी. त्रैराशिकाने: 2.7 ग्रॅम ओढ असेल तर 1.8 मिमी सरकेल.

1.8 मिमी वाचायचा कशाने? डायल गेज लावला तर त्याची स्प्रिंगच ओढीच्या कित्येक पट. भाच्याने मित्राचा यूएसबी मायक्रोस्कोप आणला. फॅन सुरू केल्यावर पाळणा थरथरायला लागला, म्हणून खाली पत्र्याची पट्टी लोंबकळत सोडून ती इंजिन ऑइलच्या डब्यात बुडवली. शांत झाला. पाळण्याभोवती हवाबंद खोका हवाच, नाहीतर फटीतून बाहेरची हवा वर उसळते.

गुळगुळीत तुकडा: आलेखावरून हिशेब 1.8 ग्रॅम, पाळणा म्हणतो 1.9. चालेल. सँडपेपरचा तुकडा: 2.8 ग्रॅम, म्हणजे घर्षण-वेग 0.63. त्यातून शून्य दाण्यांच्या डोक्यांखाली साधारण 0.35 मिमी. आता भांडण मिटलं.

सपाट दाबात खडबडीत फळीचा आकार-अंक 1.53, थर 50 मिमी. लॉग-आलेखावरची वेगाची रेषा गुळगुळीतपेक्षा घर्षण-वेगाच्या सुमारे 6 पट खाली. त्यावरून समतुल्य वाळूचा आकार 1.2 मिमी निघतो. निकुराड्सेने 1933 मध्ये नळ्यांत वाळू चिकटवून जी मोजपट्टी बनवली, तिच्या भाषेत आपला 0.76 चा दाणा 1.2 च्या वाळूसारखा वागतो. दाण्याचा आकार थेट सूत्रात टाकणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. आणि घर्षण-वेग आणि श्यानता (हवेचा चिकटपणा) यांच्या मापात हा 46 होतो, पूर्ण खडबडीत म्हणायला 70 लागतात. म्हणजे आम्ही अजून मधल्या प्रदेशात.

27 ऑगस्ट ते 4 सप्टेंबर

चवथ. वर्कशॉप बंद. पातोळ्या.

7 सप्टेंबर

शेवटच्या 90 सेमीत छत आणखी वर उचललं, 320 वरून 400 मिमी. पेटी रुंदावते, वेग पडतो, दाब चढतो. हिशेबाने गतिज दाबातला 36 टक्के परत मिळायला हवा होता. मिळाला 22.

लोकरीचे दोन सेंटिमीटरचे धागे छताला चिकटवले तेव्हा कळलं. फळी राहिली बाजूला, छतावरचाच प्रवाह सुटत होता. धागे उलटे फिरत होते. वर मेलेल्या हवेचा थर साचला की खालच्या हवेला पेटी रुंदावल्याचं कळतच नाही.

14 सप्टेंबर

छतावरचा थकलेला थर फटीतून बाहेर काढा, असं ठिकठिकाणी लिहिलेलं सापडतं. तसं केलं, 2 मिमीची फट पाडली. आणखी बिघडलं. आमची पेटी ओढणारी आहे, आत दाब बाहेरपेक्षा कमी. फटीतून हवा बाहेर जाणार कशी, ती आत घुसली, सरळ खाली फवारा.

मग तोच फवारा कामाला लावला. फटीला अ‍ॅल्युमिनियम पत्र्याचं ओठ वळवून दिलं, घुसणारी हवा छताला चिकटून मागे जाईल असं. एकूण हवेच्या एक टक्कासुद्धा नाही ती, पण छताचे धागे सरळ झाले. दाब 34 टक्के परत. या दुरुस्तीचा खर्च: पत्र्याचा तुकडा, शून्य रुपये. डोकं, तीन रात्री.

21 सप्टेंबर

गुळगुळीत फळी, चढता दाब, पाळणा लावला. पाळणा वाऱ्याच्या विरुद्ध सरकला.

दोघेही गप्प. भाचा म्हणाला, प्रवाह उलटा झाला असणार. धागे चिकटवून बघितलं, सगळे मागे, सुलट. मग म्हटलं मायक्रोस्कोप उलटा लावला असेल. नव्हता. दोरी अडकली असेल. नव्हती. चार तास.

रात्री जेवताना सुचलं. दाब मीटरमागे 33 पास्कल चढतो. तुकडा 20 सेमी लांब, म्हणजे मागच्या कडेवर पुढच्या कडेपेक्षा साधारण 6.6 पास्कल जास्त. कड 300 मिमी रुंद, 6 मिमी जाड. गुणाकार केला: 1.2 ग्रॅम, पुढच्या बाजूला ढकलणारे. आणि मोजायची ओढ होती जेमतेम 1 ग्रॅम. सपाट दाबात ही चूक शून्य असते, म्हणून ऑगस्टमध्ये दिसली नाही.

28 सप्टेंबर

तुकड्याच्या कडा खालून तिरप्या घासून 1 मिमीवर आणल्या. आता ती चूक 0.2 ग्रॅम, ती हिशेबात मिळवतो. गुळगुळीतला 1.0, खडबडीतला 1.6 ग्रॅम. दोघांचाही आकडा सपाट दाबापेक्षा बराच कमी, आणि हेच आधी पटत नव्हतं. चढत्या दाबात भिंतीवरचं घर्षण घटतं, थर जाड होतो. नुकसान घर्षणात दिसत नाही, थराच्या आकारात दिसतं: आकार-अंक गुळगुळीतचा 1.62, खडबडीतचा 1.94.

छत आणखी उचलून 440 केलं. गुळगुळीत फळीचे धागे वळवळतात पण मागेच राहतात. सँडपेपरवरचे, शेवटच्या 15 सेमीतले, अर्धा वेळ उलटे. तिथे पिटोचे आकडे टाकून दिले, उलट्या हवेत सुई खोटं बोलते.

मित्रमंडळींतून नेहमीचा प्रश्न आला: गोल्फच्या चेंडूला खड्डे असतात तो लांब जातो ना, मग खडबडीत वाईट कसं? चेंडूवर थर मुळात लॅमिनार असतो, खड्डे त्याला टर्ब्युलंट करतात, म्हणून तो उशिरा सुटतो. आमच्याकडे ते काम स्पोकने आधीच केलंय. त्यानंतरचा खरखरीतपणा नुसतं खातो.

5 ऑक्टोबर

जेटीवरचा प्रश्न आता विचारता येतो: पुढचा भाग घासलेला बरा की मागचा? सँडपेपर फक्त पुढच्या 110 सेमीत, मागे चढत्या दाबात गुळगुळीत. आणि मग उलट: पुढे गुळगुळीत, मागे सँडपेपर. छत 440 वरच. दुसऱ्या मांडणीत पायरी येऊ नये म्हणून मागची फळी कापडाच्या जाडीएवढी खाली उतरवावी लागली, त्यात शनिवार गेला.

पुढे खडबडीत, मागे गुळगुळीत: शेवटचे धागे मधूनमधून उलटतात. पुढे गुळगुळीत, मागे खडबडीत: वळवळतात, उलटतात क्वचित. दोन-दोनदा केलं, धागे बदलून, फॅन बंद-सुरू करून. आकार-अंक, शेवटाच्या 25 सेमी अलीकडे, पहिल्यात 1.88, दुसऱ्यात 1.79. पुढे जाड झालेला थर मागे येईतो आधीच दमलेला असतो, आणि मग मागे कितीही गुळगुळीत असलं तरी भागत नाही. घर्षणही पुढेच जास्त, कारण तिथे थर पातळ.

सँडपेपर म्हणजे बार्नाकल नव्हेत. ते विरळ असतात, चार-पाच मिमी उंच. बोट काही चौकोनी पेटी नाही, आणि पाण्यातले वेग-लांबीचे आकडे आमच्यापेक्षा बरेच मोठे. एवढं भाच्याच्या रिपोर्टात ठळक घालायला सांगितलंय.

12 ऑक्टोबर

मालीमला जाऊन मालकांना सांगितलं. पुढच्या जूनला माणसं कमी मिळाली तर आधी पुढून घासा. ते म्हणाले, पुढे शिडी लावावी लागते, मागे उभ्याने हात पोचतो. म्हटलं, शिडी मी बनवून देतो. म्हणाले, तिचे पैसे विंचच्या बिलात धरू नका.

पेटीवर आतापर्यंत 43,700 गेले, त्यात वाया गेलेले साधारण नऊ हजार. पुढचं काम एम-सीलचे सुळके, 4 मिमीचे, विरळ बसवून बघायचं. खरे बार्नाकल आणले होते, खरवडताना सगळे चुरले, आणि पिशवी दोन दिवस वर्कशॉपात राहिली तर वेल्डरने कामावर यायचं बंद केलं. साचा करावा लागेल. छताच्या अ‍ॅक्रिलिकला पाचव्या स्टडपाशी तडा आहे, मायक्रोस्कोप मंगळवारी परत द्यायचा आहे.